वाढत्या अंगाचा फ्रॉक

फ्रॉक घेतला होता वाढत्या अंगाचा. गेल्या दिवाळीत खालून चार बोटं दुमडून मीच टीप घातली होती. आता ती उसवून फ्रॉक लांब करावा म्हणून ब्लेड घेतलं, लेकीला, ईश्वरीला, फ्रॉक घालून समोर उभं केलं, आणि माझा हात तसाच राहिला. दुमडलेला फ्रॉकसुद्धा अजून तिच्या गुडघ्याखाली पोचत होता. अगदी गेल्या दिवाळीसारखाच.

"गुणाची गं माझी नात," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. "कपडासुद्धा पुरवून वापरते. खायलाही कधी मागत नाही. चहात बिस्किट बुडवून दिलं की झालं."

हिच्याच वयाच्या शेजारच्या मुलीचा दिवाळीचा फ्रॉक केव्हाच आखूड झाला होता.

"अहो," जेवायला बसलेल्या नवऱ्याला मी हाक मारली. "ही वाढलीच नाही हो वर्षभरात."

तो फ्रॉककडे बघतच राहिला. मग त्यानं आपल्या ताटातलं उकडलेलं अंडं लेकीपुढे धरलं.

ईश्वरीनं दोन्ही हात पाठीमागे नेले. आजीकडे बघून हळूच म्हणाली, "नको. ते बाबांचं असतं."