अलार्मच आहे ना?

"प्रोग्राममधून येणारा ऑब्जेक्ट 'अलार्म' प्रकारचा आहे का, एवढंच टेस्टमध्ये तपास. तो वाजतो का, हे कशाला?" टीम लीड वैतागले. रुग्णाची तब्येत ढासळली की अलार्म वाजवणारं सॉफ्टवेअर उद्या अतिदक्षता विभागात बसवायचं होतं आणि टीममधल्या प्रोग्रामर मुलीची टेस्ट सकाळपासून लाल, म्हणजे नापास, दाखवत होती.

"कारण तो वाजत नाहीये, सर."

"पण अलार्मच आहे ना? मग तो वाजतो का, हे तपासणारी ओळ टेस्टमधून काढून टाक. उगाच फाटे फोडू नकोस."

ती उठली, खुर्चीवर चढली आणि छताला लावलेला धुराचा अलार्म उतरवून तिनं त्यांच्या टेबलावर आदळला.

"ओळ मी काढणार नाही. हाही अलार्मच आहे, सर. याची बॅटरी तुम्हीच काढली होतीत, आवाजाचा त्रास होतो म्हणून."