बोरटेकची रेघ

सकाळचे आठ वाजले आणि संगणकाच्या पडद्यावर बोरटेक गावच्या पाणीपातळीची रेघ पुन्हा उसळली. तब्बल अर्धा मीटर.

"बघा," व्यंकटराव साहेब म्हणाले. "अख्खा रेणापूर तालुका कोरडा, आणि यांच्या बोअरला रोज सकाळी पाणी चढून राहिलंय. कशाच्या जोरावर टँकर मंजूर करू?"

पंचशीलानं पडद्यावरची रेघ मोठी करून बघितली. नांदेडची ही पोरगी लातूरच्या पाणीटंचाईच्या कचेरीत याच कामासाठी आली होती. कचेरीतला संगणक जुनापुराणा. त्यातला पाणीपातळीचा प्रोग्राम बोअरमधल्या पातळी-मीटरची वायर संगणकाच्या पाठीत खोचलेली असली तरच आकडे वाचायचा. मार्चमध्ये पंचशीलानं एकाच दिवसात दोन गावांत दोन डब्या बसवल्या, बोरटेकला आणि आंबेझरीला. मीटरची वायर डबीत, अन् डबीतून आकडे मोबाइलच्या नेटवर्कवरून थेट लातूरला. संगणकाला वाटायचं, मीटर आपल्याच पाठीला जोडलेत. डब्या दिसायला सारख्याच; आत भरलेल्या नंबरावरून संगणक त्या ओळखायचा: एक नंबरच्या पोर्टला, म्हणजे वायरीच्या खाचेला, बोरटेक, दोन नंबरला आंबेझरी.

आंबेझरीची रेघ तळाला टेकलेली होती. तिथं रोज टँकर जात होता.

"डबीत बिघाड?" साहेबांनी विचारलं.

"बिघाड काय घड्याळ बघून होतो, सर? बोअर अरुंद आहे. हंडाभर पाणी ओतलं तरी आकडा चढतो. कुणीतरी ओततंय."

दुसऱ्या दिवशी ती एस.टी.नं बोरटेकला गेली. लातूर नवा जिल्हा झाला त्या साली ही बोअर पाडलेली. तेव्हापासून मीटरच्या खोलीची किल्ली गावचा म्हातारा राखणदार लिंबाजी याच्या करदोट्याला.

"जयभीम, ताई," लिंबाजी हसून म्हणाला.

खोलीमागं जमीन ओली होती. बाजूला रिकामा हंडा.

"काका, हा हंडा इथं कशाला?"

लिंबाजीचं हसू मावळलं. तोवर सरपंच आणि चार बाया जमल्या होत्या.

"बोअरमध्ये पाणी ओतता तुम्ही?"

"न्हाई ताई. प्यायला न्हाई, तर वतू कशाला?"

"मग ही ओल कशाची?"

म्हातारा भोवतीच्या बायांकडं बघून खाली बघायला लागला. "घरातलं काम हाय," एवढंच पुटपुटला.

बोअर कोरडी ठरली तर राखणदारी जाईल म्हणूनच हा ओततो, असं पंचशीलानं ताडलं आणि तिला संताप आला. आपल्याच माणसानं असं करावं याचा जास्त आला. तिनं तिथंच उभ्या उभ्या अहवाल लिहिला आणि किल्ली सरपंचांच्या हातात दिली.

पण रेघ दुसऱ्या दिवशीही उसळली. तिसऱ्याही.

"दुसरी किल्ली असणार त्याच्याकडं," साहेब म्हणाले. पंचशीलालाही तसंच वाटलं. तिनं सरपंचांना फोन करून तसं सांगितलं.

गावाचा टँकर ज्यानं अडवला, त्याला गावच्या हातपंपावर कोण उभं करणार? लिंबाजी दोन कोसांवरच्या मळ्यातून पाणी आणायला लागला. मे महिन्याचं ऊन. तिसऱ्या खेपेला तो वाटेतच पडला. उचलून आणेपर्यंत जीव गेला होता.

पंचशीला भेटायला गेली. लिंबाजीची बायको कोंडाबाई खाटेवर पडून होती. दोन वर्षांपासून तिचं अर्धं अंग गेलेलं. शेजारची चांगुणा पंचशीलाला दाराबाहेर घेऊन आली.

"म्हातारीचं लुगडं रोज घाण व्हायचं, ताई. पेयाच्या पाण्यातलं दोन तांबे वाचवून त्यो खोलीमागं धुयाचा. दुस्काळात धुणं करून राहिलाय, असं लोक म्हणतील म्हून लाजायचा. बायकोचं असलं चारचौघांत कसं सांगल?"

परतीच्या एस.टी.त पंचशीलानं पदर तोंडाला लावला तो लातूर येईपर्यंत काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बोरटेकची रेघ पुन्हा उसळली.

साहेबही चमकले. "आता तर तो माणूसच नाही. डबीतच खोट आहे. बदला ती."

"जादा डबी नाही, सर."

"मग आंबेझरीची काढा. ती नीट चालते. ती बोरटेकला लावून बघा."

पंचशीला पहाटेच्या गाडीनं आंबेझरीला गेली. ती पोचली तेव्हा आठ वाजत होते आणि बोअरला खेटून असलेल्या गावविहिरीत टँकर रिता होत होता. पाण्याचा लोट धबाधबा कोसळत होता, बाया कडेला हंडे घेऊन उभ्या होत्या. तिनं खोली उघडली, डबीवरची धूळ पुसली आणि मीटरची वायर उपसली.

लगेच फोन वाजला. व्यंकटराव साहेब होते.

"तुम्ही तर आधी आंबेझरीला जाणार होता ना? आंबेझरीची रेघ इथं चालू आहे. आत्ता बंद पडली ती बोरटेकची."