लाटेगणिक एक शब्द

"वायरलेसवर नुसती खरखर येतेय, आई," सून रडवेली झाली. माझ्या हिराजीच्या बोटीचं इंजिन भर समुद्रात बंद पडलेलं. ठिकाण कळलं तरच दुसरी बोट धाडता येणार.

"रडून समुद्र सपाट होतो काय? बोट लाटेवर चढली की आवाज येतो, उतरली की बुडतो." मी माइक घेतला. "हिराजी, पाल्हाळ नको. ठिकाण तेवढं पुन्हा पुन्हा सांग."

एका लाटेला 'कावळ्या' आलं, दुसरीला 'दक्षिणेला', मग 'खडकाच्या'. मी तुकडे जोडले: कावळ्या खडकाच्या दक्षिणेला. बोट धाडली.

बोट निघाल्याचं हिराजीला कळवलं, तरी तो तेच घोकत राहिला. गप्प करायला माइक उचलला, तर सुनेने माझा हात धरला. "बोलू द्या त्यांना, आई. आवाज येतोय तोवर ते आहेत."

एवढी छाती या घरात कुणाची झाली नव्हती. मी माइक खाली ठेवला.