मैदानाचं कुलूप

फीत कापायची कात्री चौकीदारकाकांनी बाईंच्या हातात दिली आणि नाही म्हणायची सोयच ठेवली नाही.

वस्तीत त्यांना सगळे बुरशीबाई म्हणत. आधी चेष्टेनं, मग मायेनं. लाकडी खांब कुजू नयेत म्हणून त्यांना काळं तेल पाजणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता, पण मागच्या मैदानात ते तेल मुरलं होतं. पोरं अनवाणी खेळली की पायांना फोड यायचे, म्हणून मैदानाला कुलूप लागलं. बाईंनी तिथे भुशात वाढवलेली बुरशी पसरली. लाकूड पचवायला ती जी विकरं सोडते, तीच या तेलाचेही तुकडे पाडतात, असं त्यांनी सगळ्यांना समजावलं.

घरात बुरशी दिसली की आम्ही घासून काढतो आणि या बाई तिला पाणी घालतात, म्हणून बायका हसायच्या. पण मदतीला त्याच धावल्या. कुणी भुसा भिजवला, कुणी सावलीसाठी जुनी पोती शिवली. काकांनी तर ती बुरशी पोटच्या पोरासारखी सांभाळली. अशी माणसं मिळायला नशीब लागतं हो!

खरी कसोटी मातीच्या तपासणीची. त्यात मैदान नापास झालं तर बाईंना इथे पाठवणारी संस्था काम गुंडाळणार, हे वस्तीला ठाऊक होतं. आणि नेमक्या तेव्हाच बाई तापानं आडव्या झाल्या. तुम्ही झोपून राहा, मातीच्या डब्या मी भरून धाडतो, असं काकांनी कळवलं. हातभर खणून, प्रत्येक कोपऱ्यातून, हे बाईंनी फोनवर पुन्हा पुन्हा बजावलं.

माती स्वच्छ निघाली. निकाल ऐकून बाई लहान मुलीसारख्या रडल्या.

आता फीत कापली गेली आणि पोरं चपला भिरकावून आत धावली. एक चिमुरडी तर मातीतच फतकल मारून घर करायला बसली.

बाई काकांकडे वळल्या. "काका, तुम्ही नसता तर हे झालंच नसतं. तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले? आमच्यासाठी तुम्ही हाडाची काडं केलीत. तुमची मान खाली जाऊ दिली असती का आम्ही?" काका जवळ सरकले आणि समाधानानं हळूच म्हणाले, "मैदानातल्या मातीला थोडा वास येत होता. तो काय, जाईल हळूहळू. म्हणून डब्यांत मी माझ्या गुलाबाच्या कुंडीतली माती भरली, तीही चाळून."