चौऱ्याण्णव मीटर

जर्मनीत गांजा कायदेशीर झाला, तेव्हा बाबा हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांच्या शुश्रूषागृहात होते. गांज्याने त्यांच्या वेदना कमी व्हायच्या. तिथल्या बागेतल्या सफरचंदाच्या झाडाखाली बसून ओढावा, एवढीच त्यांची शेवटची इच्छा होती. पण नगरपालिकेचे ब्रिंकमायर मोजायची टेप घेऊन आले. उंच कुंपणापलीकडच्या बालवाडीपर्यंतचं अंतर चौऱ्याण्णव मीटर भरलं. नियम शंभरचा; त्याच्या आत ओढायला बंदी.

"मुलांवर वाईट परिणाम होतो, आजोबा."

"अहो, माझी ही हाडं पाहिली तर पोरं जन्मात व्यसनाच्या वाटेला जायची नाहीत!"

ब्रिंकमायर हसले नाहीत. मग मी रोज बाबांची चाकांची खुर्ची फाटकाबाहेर, सहा मीटर पुढे, कचऱ्याच्या पिंपांजवळ नेऊ लागले. एका दुपारी ते तिथेच गेले.

परवा त्यांचे कपडे आणायला हॉस्पिसमध्ये गेले, तेव्हा सिस्टर गुद्रुनना सहज विचारलं, "पलीकडच्या मुलांचा आवाज कधीच कसा येत नाही हो?"



"कुठली मुलं? शिक्षिका मिळेनात म्हणून बालवाडी दोन वर्षांपूर्वीच बंद पडली. पाटी उतरवायला पालिकेची मंजुरी यायची आहे अजून."