गाडीचं पांघरूण

आज तो कव्हर ओढत होता. चक्क फरफटत ओढत होता. अंगणातली बारीक खडी कव्हराच्या मऊ अस्तराला चिकटत होती आणि तेच अस्तर तो गाडीच्या पांढऱ्याशुभ्र रंगावरून घासत पुढे नेत होता. दारात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला आधी हसूच आलं.

कारण एरवी काय थाट असायचा! आधी गाडी धुवायची, मग टिपायची, मग इंजिन गार होईपर्यंत हात मागे बांधून येरझाऱ्या घालायच्या. कव्हर म्हणायचं नाही, पांघरूण म्हणायचं. ते कोपऱ्यावरच्या टेलरमास्तरांकडून मापाने शिवून घेतलेलं. आरशांचे कप्पे मनासारखे होईनात म्हणून बिचाऱ्यांना पुन्हा पुन्हा उसवायला लावलेलं. ते घालताना बायकोने अंगठी काढून यायचं, नाहीतर रंगाला ओरखडा जाऊन जगबुडी व्हायची. मागच्या बंपरकडून सुरुवात. दोघांनी दोन टोकं धरायची आणि अलगद, वरच्या वर पुढे न्यायचं.

"ओढू नकोस, उचल! डोकं गहाण ठेवलंयस का? धुळीवरून कापड ओढलं की त्याचा पॉलिश पेपर होतो!"

हे सगळं गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. गल्लीने मग त्याचंच नाव पॉलिश पेपर ठेवलं. गाडीला जपणार आणि माणसांना घासणार! नाव अगदी मापाचं बसलं.

आणि आज स्वारीने गाडी धुतली नव्हती. बॉनेट तर तापलेलंच होतं. एवढ्या सकाळी कुठे जाऊन आला होता कोण जाणे.

"बघत काय उभी राहिलीस? टोक धर!"

अंगठी काढ म्हणायचंही तो विसरला. ती सवयीने पुढे झाली आणि तिथेच थबकली. डावीकडचा दिवा फुटला होता. त्याच्याखाली पत्रा आत गेला होता आणि पांढऱ्या रंगावर हिरवा पट्टा उठला होता.

"हे काय?"

"कुत्रं आडवं आलं."

"हिरवं कुत्रं?"

त्याने कव्हराचं इलॅस्टिक खसकन बंपरखाली खेचलं. "जास्त शहाणपणा नकोय. कोणी विचारलं, तर गाडी रविवारपासून जागची हललेली नाही. कळलं?"

न कळायला काय झालं? जन्मभर तिने दुसरं केलं काय होतं! साहेबांशी भांडून हा घरी बसला, तेव्हा 'ह्यांना बरं नाही' म्हणून तीच सांगत फिरली. दिराच्या घरी भरल्या ताटावरून उठला, तेव्हा 'ह्यांना पित्ताचा त्रास आहे.' पोटचा पोरगा घर सोडून गेला, तर 'त्याची नोकरीच लांबची आहे हो.' पांघरूण घालण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आणि हा शहाणा तिलाच रोज ओरडायचा, की तुला साधं गाडीचं पांघरूण घालता येत नाही.

तो चहाची कपबशी आणि वर्तमानपत्र घेऊन पायरीवर बसला. जसा काही आत्ताच झोपेतून उठलाय.

तेवढ्यात फाटक वाजलं. टेलरमास्तरांची बायको आत आली. केस विस्कटलेले, पदर कसातरी खोचलेला.

"वहिनी, आमच्या ह्यांना सकाळी वळणावर गाडीने उडवलं हो! थांबलासुद्धा नाही मेला. उजवा हात मनगटात मोडलाय. डॉक्टर म्हणतात, बोटं पहिल्यासारखी चालतील असं सांगता येत नाही." तिने तोंडावर हात दाबला आणि पुन्हा काढला. "कात्री कशी धरायची त्यांनी? पांढरी गाडी होती, एवढंच दिसलं त्यांना. सायकलचा सगळा हिरवा रंग खरवडून निघालाय. तुम्ही लवकर उठता. काही पाहिलंत का?"

पायरीवरून तो घाईने म्हणाला, "आमची तर रविवारपासून झाकलेलीच आहे. सांग ना गं!"

"तुमच्यावर कुठे संशय घेतेय, भाऊ? तुम्ही न धुता गाडी झाकतसुद्धा नाही, अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे."

त्याने बायकोकडे पाहून डोळे वटारले. याच डोळ्यांना ती इतकी वर्षं भ्यायली होती. आज त्यांच्याकडे पाहून तिला नुसती किळस आली. मास्तर तिकडे हात मोडून पडलेत आणि हा इथे फुर्रफुर्र करत चहा पितोय! नेहमीचं वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. ह्यांची गाडी ना, रविवारपासून... एवढंच तर म्हणायचं होतं. तिने ते गिळलं.

तिने बोटातली अंगठी काढली. त्याच्या बशीत टाकली. ती खणकन वाजली.

"हे काय आता?" तो म्हणाला.

ती पायऱ्या उतरून गाडीपाशी गेली. खाली वाकून बंपरखालचं इलॅस्टिक सोडवलं. तो ताडकन उठला, चहा लेंग्यावर सांडला, "अगं ए, वेड लागलं का तुला?" तिने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. कव्हराचं एक टोक हातात घेतलं आणि मास्तरांच्या बायकोला जवळ बोलावलं.

"या, ते टोक तुम्ही धरा. ओढू नका हं. नुसतं उचला."