दहा थेंब अत्तर

सासूबाई वाळलेले कपडे आणायला गच्चीवर गेल्या आणि सुनेनं डाव साधला. गॅसवरचं तेल नुकतंच कोमट झालं होतं. तिनं ओढणीत दडवलेली अत्तराची कुपी काढली, मोजून दहा थेंब तेलात सोडले, ढवळले, आणि चमचा धुऊन जागच्या जागी ठेवला.

करणार काय? धाकट्याला सातवा महिना लागला होता आणि तिची वेणी उंदराच्या शेपटीएवढी उरली होती. कंगव्यात केस, उशीवर केस, परवा तर बाळाच्या मुठीत केस. म्हणून गेले आठ रविवार सासूबाईंचं हे तेल चाललं होतं. खोबरेलात दोन कांदे काळे होईस्तोवर तळायचे, त्यात मेथीदाणे आणि एरंडेल घालायचं, तीन दिवस झाकून मुरवायचं, मग कोमट करून डोक्यावर थापायचं. वास असा, की चार वर्षांची थोरली नाक धरून म्हणायची, "आई, तू शिळी झालीस." नवरा दारातूनच "झालं का गं?" विचारायचा आणि उत्तराला थांबायचा नाही. वर सासूबाईंचा नियम कडक: तेल जिरेपर्यंत दोन तास मागच्या खोलीत पडून राहायचं. उठायचं नाही, हलायचं नाही.

उद्यापासून तिला बँकेत पुन्हा रुजू व्हायचं होतं. केस तर हवेच होते. पण काउंटरवर कांद्याचं पोतं होऊन बसायची तिची तयारी नव्हती.

सासूबाईंचं नाक सर्दीनं चोंदलेलं. त्यांना पत्ताच लागला नाही. त्यांनी तेल चोळलं, डोकं दाबून दिलं आणि दार लोटून घेतलं.

पाच मिनिटांत दार किलकिलं झालं. थोरली हुंगत हुंगत आत आली. "आई, तू आज किती छान आहेस!" म्हणाली आणि सरळ पोटावर चढून बसली. मागोमाग नवरा, कडेवर धाकटा. "वा! आज काय विशेष? बरं, याचं टोपडं कुठाय गं?" विचारता विचारता तोही पलंगावर टेकला. धाकट्यानं तेलकट बट तोंडात घातली. मग टोपडं, मग दूध, मग थोरलीची गोष्ट, मग पुन्हा दूध.

दोन तासांनी सासूबाई चहा घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. पलंगावर अख्खं घर लोळत होतं आणि मधोमध डोळे तारवटलेली सून.

"काय घातलंस तेलात?"

"अत्तर," सून पुटपुटली. "दहाच थेंब, आई. वास सोसवेना हो."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. मुलाच्या कडेवर धाकटा दिला, थोरलीचं बोट त्याच्या हातात दिलं, तिघांना बाहेर पिटाळलं आणि कडी घातली.

"अगं वेडाबाई, बाळंतपणात गेलेले केस वर्षभरात आपसूक येतात. तेलानं काय होतंय?"

"मग एवढा कांदा कशाला?"

"मला दोन पोरं, घरात अकरा माणसं. माझ्या सासूनं मला हेच तेल लावलं. म्हणायची, बाईला नुसतं 'झोप' म्हटलं तर घर तिला झोपू देत नाही. तिच्या डोक्याला घाण वास सुटला, की बरोबर लांब राहतं."

सुनेनं मनाशी हिशेब केला. आठ रविवार. दर रविवारी दोन तास, मेल्यासारखी झोप. बाहेर थोरली दार वाजवत होती, "मला अजून एकदा वास घ्यायचाय!"

सुनेनं सासूबाईंच्या कानाशी तोंड नेलं.

"आई, पुढच्या रविवारी लसूणही चालेल का?"